'मॅडम म्हणाल्या होत्या' हा पुरावा नसतो : दिव्यांग मुलांच्या पालकांनो, या चुका टाळा

पुण्यातले पालक माझ्याकडे येतात तेव्हा काखेत जाडजूड फाइल असते. रिपोर्ट, पावत्या, थेरपीच्या वह्या, सगळं असतं. नसते ती एकच गोष्ट : पोच. शाळेशी जे काही झालं ते सगळं तोंडी. "मॅडम म्हणाल्या होत्या, दिवाळीनंतर बघू."

कोथरूडकडच्या एका आईचं सांगते. मुलगा दुसरीत, ऑटिझम असलेला. शाळेने जूनमध्ये सांगितलं, सोबतीला शिक्षिका तुम्हीच आणा, नाहीतर अर्धा दिवसच पाठवा. वाकडेपणा नको म्हणून बाई गप्प बसल्या आणि रोज मधल्या सुट्टीत त्याला घरी आणू लागल्या. मग मुख्याध्यापिका निवृत्त झाल्या. नव्या बाई म्हणाल्या, माझ्यापर्यंत असं काही आलेलंच नाही. कागद काढून पाहिले तर हजेरीपत्रकावर शेरा : 'पालकांच्या विनंतीवरून अर्धा दिवस.' विनंती! त्या माउलीने असा अर्ज कधी केलाच नव्हता, पण शाळेने काय सांगितलं होतं हे दाखवायला तिच्याकडेही चिटोरं नव्हतं.

मग आम्ही एक पानी अर्ज लिहिला. 'मुलाला सहकार्य करावे' असलं गुळमुळीत काही नाही. पूर्ण दिवस बसू द्या, जागा पुढच्या बाकावर द्या, फळ्यावरचं उतरवायला जमत नाही तर छापील टिपणं द्या, शौचालयाला जाताना मदतनीस द्या. खाली दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मधल्या कलम 16 चा उल्लेख, कारण शासनाची मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळांनी भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि मुलाच्या गरजेनुसार सोयी करायच्या, हे त्यात आहे. शेवटची ओळ : 'आपला निर्णय लेखी कळवावा.' कारकून म्हणाले, "ठेवून जा, देतो मॅडमना." ठेवून जायचं नसतं. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक पडेपर्यंत खिडकीशी उभं राहायचं. लेखी नकार द्यायला शाळा सहसा धजावत नाहीत. पूर्ण दिवस सुरू झाला. मदतनीस मिळायला मात्र पुढचं वर्ष उजाडलं.

माझी सवय अशी की बैठक झाली की त्याच संध्याकाळी शाळेला ईमेल करायचा : 'आज आपलं असं असं ठरलं, काही चुकलं असल्यास कळवावे.' बहुतेक वेळा उत्तर येत नाही. तारीख तर लागते.

दुसरी चूक दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठीच्या तपासणीची, आणि ती बघून माझं डोकं फिरतं. ससून असो, औंधचं जिल्हा रुग्णालय असो की पिंपरीचं वायसीएम, आईबाप मुलाला नवे कपडे घालून, कविता पाठ करून घेऊन येतात. डॉक्टर विचारतात, "स्वतः जेवतो का?" वडील म्हणतात, "हो, जेवतो की!" आईने भात कालवून, घास करून, पुढ्यात बसून भरवलेला असतो ते कोण सांगणार? लाज वाटते, समजतं मला. पण बहुतेक सवलती 40 टक्के दिव्यांगत्वापासून सुरू होतात, आणि 6 ते 18 वयापर्यंतच्या मोफत शिक्षणाचा कलम 31 मधला हक्कही तिथपासूनच. मूल कसं नेहमी असतं तेच सांगा. आदल्या आठवड्यात रोजचा दिवस वहीत लिहून काढा आणि ती वही सोबत न्या. खासगी मानसतज्ज्ञांचा रिपोर्टही न्या, पण तो प्रमाणपत्राच्या जागी चालत नाही. तात्पुरतं प्रमाणपत्र मिळालं असेल तर मुदत कधी संपते ते कॅलेंडरवर लाल पेनने लिहा.

बाकीचं थोडक्यात. मूळ कागद कोणाच्याही हाती सोडू नका. युडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर स्वतः करता येतो, दलालाला पैसे कशाला? दहावीला तासाला 20 मिनिटं जादा वेळ किंवा लेखनिक हवा असेल तर नववीतच शाळेच्या मागे लागा. फेब्रुवारीत रडत येणाऱ्यांना मी काय करू? आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या 25 टक्के राखीव जागांत दिव्यांग मूल वंचित गटात येतं, उत्पन्नाचा दाखला नाही म्हणून अर्जच न करणं हा निव्वळ वेडेपणा.

आणि उतावळ्यांसाठी. पहिल्याच आठवड्यात नगरसेवकाची चिठ्ठी, पेपरात बातमी, वकिलाची नोटीस हे करू नका. चिठ्ठीने झालेलं काम चिठ्ठी देणारा पडला की संपतं. आधी शाळेला अर्ज, मग स्मरणपत्र, मग आरटीईखाली महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे लेखी तक्रार. तिचा निकाल तीन महिन्यांत द्यायचा असतो. तरीही हललं नाही तर दिव्यांग कल्याण आयुक्त आहेतच. त्यांचं कार्यालय पुण्यातच आहे, मुंबईला हेलपाटा नाही. साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार त्यांना आहेत. पण तिथेही पहिल्यांदा विचारतात ते हेच : शाळेला दिलेल्या अर्जाची पोच कुठाय?