बीपी मोजताना हात कुठं ठेवायचा

आमच्या आबांचं बीपी एका दवाखान्यात हात लोंबता ठेवूनच मोजायचे. आकडा बघून आबा घरी येईपर्यंत गप्प. २०२४ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी १३३ जणांवर हेच तपासलं: हात मांडीवर ठेवला तर वरचा आकडा सरासरी ४ नं जास्त येतो, लोंबता सोडला तर साडेसहानं. एवढ्या फरकावर गोळी वाढू शकते हो!

म्हणून शिवाजी पेठेतल्या आमच्या घरात आता अशी पद्धत आहे. आधी लघवीला जाऊन यायचं. त्याआधी अर्धा तास चहा नाही, तंबाखू नाही. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं शांत बसायचं. हात टेबलावर असा ठेवायचा की पट्टा छातीच्या बरोबरीला येईल. टेबल बुटकं आहे, म्हणून मी कोपराखाली चादरीची घडी सरकवते. पट्टा उघड्या दंडावर, सदऱ्यावरून नाही. मोजताना बोलायचं नाही; आबांना हेच सगळ्यात जड जातं.

आणि पट्ट्याचं माप बघा. आबा तालमीतले, दंड अजून भरदार. ज्यांना सगळ्यात मोठा पट्टा लागतो, त्यांना नेहमीचा बांधला तर आकडा सरासरी १९.५ नं फुगतो, असं २०२३ च्या अभ्यासात दिसलं. टेपनं दंड मोजूनच पट्टा घ्या.

एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा मोजून दोन्ही आकडे वहीत लिहा. ती वही डॉक्टरांना दाखवा, गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.