'गाला' म्हणजे दूध, पण कोणते? ग्रीक नवा करार वाचताना या चुका टाळा

नव्या करारात, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागात, 'गाला' हा ग्रीक शब्द फक्त पाच वेळा येतो: पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात दोनदा (३:२, म्हणजे अध्याय ३, वचन २, आणि ९:७), इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात लागोपाठ दोनदा (५:१२ आणि ५:१३) आणि पेत्राच्या पहिल्या पत्रात एकदा (२:२). ही पाचही वचने मागच्यापुढच्या वचनांसह वहीच्या एका पानावर स्वतःच्या हाताने उतरवून घ्यावीत, असे मी वर्गात दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी ते करणारे दोन-तीनच निघतात. बाकीचे मोबाइलमधल्या शब्दसूचीत 'गाला' शोधतात, समोर आलेला एका ओळीचा अर्थ उचलतात आणि तो पाचही ठिकाणी सारखाच चिकटवतात.

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे. काही वर्षांपूर्वी एका लहानशा मंडळीत मी श्रोता म्हणून बसलो होतो. तरुण उपदेशकाने आधी इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा पाचवा अध्याय वाचला, मग पेत्राचे 'दुधाची इच्छा धरा' हे वचन वाचले आणि दोन्हींची मोट बांधून पाऊण तास मंडळीची खरडपट्टी काढली. इतकी वर्षे झाली तरी तुम्ही दुधावरच आहात, असा एकंदर सूर होता. उपासना संपल्यावर एका आजींनी त्याला दाराशीच गाठले. "बाळा, पेत्र तर दुधाची इच्छा धरा म्हणतो. मग आम्ही ते सोडायचं कधी?" त्याने माझ्याकडे पाहिले आणि मी चपला शोधू लागलो, कारण तो माझ्याच वर्गातून शिकून गेलेला होता.

आजींनी जे पाहिले, ते मूळ ग्रीकमध्ये अधिकच स्पष्ट दिसते. पौल आणि इब्री लोकांस लिहिणारा लेखक दूध पिणाऱ्याला 'नेपिओस' म्हणतात. म्हणजे अजाण, वाढ न झालेले मूल. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या वाचकांनी एव्हाना शिक्षक व्हायला हवे होते, पण त्यांना पुन्हा मुळाक्षरांपासून शिकवण्याची पाळी आली आहे, ही लेखकाची तक्रार आहे. करिंथमध्ये तक्रार वेगळी आहे. तेथे हेवा आणि भांडणे माजली आहेत, कोणी म्हणतो मी पौलाचा, कोणी म्हणतो मी अपुल्लोसाचा, आणि म्हणून पौल त्यांना बाळे म्हणतो. या दोन्ही ठिकाणी दुधासमोर अन्न ठेवलेले आहे आणि दूध हा मागे टाकण्याचा टप्पा आहे. पेत्र मात्र 'नेपिओस' हा शब्द वापरतच नाही. तो 'आर्तिगेन्नेता ब्रेफे' म्हणतो, म्हणजे नुकतीच जन्मलेली तान्ही बाळे. गोठ्यात गव्हाणीत ठेवलेल्या येशूसाठी लूकनेही (२:१२) 'ब्रेफोस' हाच शब्द योजला आहे. पेत्राच्या वचनात दुधापुढे दुसरे अन्न नाही, कोणाची कानउघाडणी नाही आणि दूध सोडण्याची गोष्टही नाही. तान्हे बाळ ज्या ओढीने आईच्या अंगावर झेपावते, ती ओढ त्याला हवी आहे, आणि ती जुन्या विश्वासणाऱ्यालाही नव्याइतकीच लागू आहे. शिवाय 'नेपिओस' म्हणजे नेहमीच दूषण, असाही सोपा नियम करू नये. मत्तय ११:२५ मध्ये देव ज्यांना गुपित प्रकट करतो ते 'नेपिओय'च आहेत.

दुसरी चूक पेत्राच्या त्याच वचनातल्या 'लोगिकोन' या विशेषणाची आहे. 'लोगोस' म्हणजे वचन एवढे शिकलेला विद्यार्थी दुसऱ्याच आठवड्यात 'लोगिकोन गाला' म्हणजे 'वचनाचे दूध' असे ठासून सांगू लागतो. त्याचे मत अगदीच निराधार नाही. मागच्याच अध्यायात (१:२३) देवाच्या वचनाने झालेल्या नव्या जन्माचा उल्लेख आहे आणि काही मोठ्या भाषांतरांनीही तोच अर्थ घेतला आहे. माझा आक्षेप शब्द फोडून अर्थ काढण्याच्या घाईला आहे. 'रसिक' शब्दात रस आहे म्हणून रसिक माणूस गुऱ्हाळावर शोधायला कोणी जात नाही. 'लोगिकोस' हे विशेषण ग्रीक तत्त्वज्ञांच्या लेखनात 'विवेकाला धरून असलेले' या अर्थाने रुळलेले होते आणि नव्या करारात ते आणखी एकदाच, रोमकरांस लिहिलेल्या पत्रात (१२:१), उपासनेसाठी येते. तेथे 'वचनाची उपासना' असे कोणी म्हणत नाही. मी स्वतः पेत्राच्या वचनात 'आध्यात्मिक' हाच शब्द घेतो आणि वचनाशी असलेला दुवा समजावून सांगतो. भाषांतरात एकाच शब्दावर दोन अर्थांचे ओझे टाकणे मला पटत नाही.

शेजारचे 'आदोलोन' हे विशेषण मात्र सगळे घाईघाईने ओलांडून जातात, आणि याचे मला फार वाईट वाटते. आदल्याच वचनात (२:१) पेत्र सर्व 'दोलोस', म्हणजे कपट, टाकून द्यायला सांगतो आणि लगेच 'आ-दोलोस', म्हणजे निष्कपट, दूध मागायला सांगतो. इजिप्तमध्ये सापडलेल्या ग्रीक पपायरसांत, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरच्या जुन्या लेखांत, हाच शब्द भेसळ नसलेल्या धान्यासाठी आलेला आहे. मराठी बायबलमध्ये त्यासाठी 'निरे', म्हणजे शुद्ध, हा नेमका शब्द आहे, पण तो 'निरसे' असा वाचून न तापवलेल्या दुधावर बोलणारे मी ऐकले आहेत.

काही चुका एका ओळीत निकालात निघतात. कोशात 'गालाक्तोस' सापडत नाही म्हणून तो वेगळा शब्द समजू नये; ते 'गाला'चेच षष्ठीचे रूप आहे आणि पाचांपैकी तीन ठिकाणी तेच आले आहे. पौलाच्या आणखी एका पत्राचे वाचक असलेल्या 'गलतीकर' या नावाचा दुधाशी संबंध जोडू नये. ते लोक आशिया मायनरमध्ये स्थायिक झालेले केल्ट होते, जरी सातव्या शतकात सेव्हिलच्या इसिदोर या बिशपने त्यांचेच भाईबंद असलेल्या गॉल लोकांचे नाव त्यांच्या दुधासारख्या गोऱ्या रंगावरून पडले असे लिहून ठेवले असले तरी. दुधासमोर ठेवलेले 'जड अन्न' म्हणजे पचायला जड असे समजू नये. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रातील शब्दाचा अर्थ घट्ट, ठोस अन्न असा आहे आणि करिंथकरांच्या पत्रात तर नुसते 'ब्रोमा', म्हणजे अन्न, एवढेच म्हटले आहे.

आणि १ करिंथ ९:७ मध्ये गूढ अर्थ शोधत बसू नये. तेथे पौल प्रेषितांच्या निर्वाहाचा हक्क मांडतो आहे: पदरचे खाऊन शिपाईगिरी कोण करतो, द्राक्षमळा लावून त्याचे फळ कोण खात नाही, कळप राखून त्याच्या दुधातले कोण घेत नाही? या एका ठिकाणी 'गाला' म्हणजे कळपातून काढलेले खरेखुरे दूध आहे, आणि गंमत अशी की पौलाने त्यासाठी वापरलेले क्रियापद 'पिणे' नसून 'खाणे' आहे.