आपल्याच मारधाडपटाची खोड काढणारा दुसरा भाग कसा रचावा

सांगली परिसरातल्या ज्या हौशी मंडळींनी भाड्याच्या कॅमेऱ्यावर किंवा मोबाइलवर एखादा मारधाडपट केला आहे आणि आता त्याचाच दुसरा भाग, पण थट्टेच्या अंगाने, करण्याचे ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे टिपण आहे. पहिले काम कागदावरचे आहे. वही घेऊन आपलाच पहिला भाग पुन्हा पाहावा आणि त्यात आपण गंभीरपणे केलेले, पण हिशेबात न बसणारे जे जे सापडेल ते मोजून लिहावे. नायकाने गॉगल किती वेळा चढवला, खलनायकाची आठ माणसे समोर असताना ती एकेक करूनच का आली, चिखलातल्या मारामारीनंतर सदऱ्याची इस्त्री कशी टिकली, हे सगळे त्यात यावे. आमच्या २२ मिनिटांच्या पहिल्या भागात सहा गोळ्यांच्या पिस्तुलातून १९ बार निघाले होते आणि संकलन करणाऱ्यासकट कोणाच्याही ते लक्षात आले नव्हते. दुसऱ्या भागाचे भांडवल ते हेच. दुसऱ्यांच्या सिनेमांना टोले मारणारे पुष्कळ असतात. आपल्याच जुन्या थापा आपण उघड्या केल्या की प्रेक्षक अधिक खूश होतो, कारण पहिल्या वेळी त्याने त्या टाळ्या देत पचवलेल्या असतात.

यादी तीस कलमांची झाली तरी त्यातली तीनच निवडावीत. प्रत्येक कलम तीनदा वापरावे: पहिल्यांदा अगदी पहिल्या भागासारखे सरळ, दुसऱ्यांदा किंचित ताणून, आणि तिसऱ्यांदा कथानक खरोखर अडलेले असताना ते मोडावे. पिस्तुलाचेच पाहा. पहिल्या चकमकीत नायक वाटेल तितके बार काढतो. दुसऱ्या वेळी खलनायकाचा एक माणूस आडोशाला बसून बोटांवर बार मोजताना दिसतो. आणि शेवटच्या वेळी, ओलीस धरलेल्या माणसाच्या जिवावर बेतलेले असताना, तोच माणूस शांतपणे उठून म्हणतो, "दादा, सहा झाल्या," आणि पिस्तूल खरेच रिकामे निघते. इथे विनोदाने गोष्ट पुढे ढकलली, हे महत्त्वाचे.

गोष्ट मात्र आपल्या पायांवर उभी असली पाहिजे. मार्केट यार्डातून हळदीची पोती चोरीला जातात आणि संशय नायकाच्या मामांवर येतो, एवढे साधे कथानकही पुरते. सगळे विनोद खोडून पटकथा वाचली तरी पुढे काय होणार याची उत्सुकता राहते का, हे दोन बाहेरच्या माणसांना वाचायला देऊन तपासावे. दुसरा भाग म्हणजे तीच गोष्ट मोठ्या खर्चात, या सवयीचीही थट्टा करता येते. २०१४ सालच्या '२२ जंप स्ट्रीट' या इंग्रजी सिनेमात, जो स्वतःच दुसरा भाग आहे, वरिष्ठ अधिकारी दोघा पोलिसांना मागच्या वेळचेच काम तसेच पुन्हा करायला सांगतो, आणि शेवटच्या श्रेयनामावलीत न निघालेल्या पुढच्या भागांची रांगच लावलेली आहे. आपल्याकडे खर्च वाढण्याचा प्रश्न नसल्याने ही थट्टा उलटी करावी: मामांनी नायकाला बजावावे की या खेपेला मोटारसायकल भाड्याने मिळणार नाही, पाठलाग एसटीने उरकावा.

सर्वांत अवघड भाग अभिनयाचा आहे. आपण विनोदी सिनेमात आहोत हे नायकाला कळता कामा नये. सांगलीजवळच्या कवलापूरचे काळू-बाळू हे जुळे भाऊ तमाशाच्या वगात हवालदार होऊन उभे राहत, आणि त्या सोंगातली गंमत हवालदारकीचा रुबाब जपण्यावरच तोललेली असे. कॅमेऱ्याकडे पाहून भुवई उडवणारा नट हे सगळे घालवून बसतो. आमच्या दुसऱ्या भागाच्या पहिल्या वाचनाला सगळी मंडळी पोट धरून हसली. तालमीत तेच हसू नटांच्या चेहऱ्यावर आले, तसेच चित्रित झाले, आणि एका छोट्या सभागृहात पन्नासेक माणसांसमोर ते दाखवले तेव्हा हसण्याचा आवाज फक्त आमच्याच रांगेतून येत होता. पुढे ते प्रसंग पुन्हा करताना आम्ही नटांना पहिल्या भागातली त्यांचीच दृश्ये दाखवली आणि तसेच करायला सांगितले. एवढ्याने काम झाले.

आता एक प्रसंग जवळून पाहू. मारधाडपटात नायक मंदगतीत चालत येतो. खरी मंदगती हवी असेल तर सेकंदाला १०० चौकटी (फ्रेम) टिपून त्या २५ च्या वेगाने दाखवाव्या लागतात, म्हणजे एका सेकंदाचे चार सेकंद होतात. पण त्यासाठी चौपट उजेड लागतो, आणि गोदामात जुन्या ट्यूबलाइटखाली चित्रण केले तर आपल्या ५० हर्ट्झच्या विजेमुळे चित्र लुकलुकण्याचा धोका असतो. विडंबनासाठी यातले काहीच लागत नाही. आयर्विन पुलाच्या बाजूला, कृष्णेच्या घाटावर, कॅमेरा नेहमीच्याच वेगावर ठेवावा आणि नायकाने स्वतःच सावकाश चालावे: पाऊल हवेत थांबवून, मान हळूहळू वळवून, केस उडत असल्यासारखी मुद्रा करून. त्याच्या मागे भडंगवाला मात्र आपल्या वेगात कांदा चिरतो आहे, भडंग कालवतो आहे, पुडी बांधतो आहे. तीन पुड्या विकून झाल्यावर तो म्हणतो, "दादा, जरा सरका की, गिऱ्हाईक उभं हाय." नायक सरकतो, तेही मंदगतीतच. हा एकच अखंड शॉट असावा, मध्ये कट घेऊ नये, कारण दोन्ही वेग एकाच चौकटीत दिसले तरच गंमत कळते. नटाला तोल सांभाळण्याचा सराव किमान आठवडाभर लागतो. एका पायावर थांबल्यावर मांडी थरथरते आणि ते थरथरणे कॅमेरा नेमके टिपतो.

ठोशांसाठी कॅमेरा, मूठ आणि गाल एका रेषेत ठेवावेत. मूठ चेहऱ्यापासून वीतभर दूरून गेली तरी लांब पल्ल्याच्या लेन्समधून अंतर उरत नाही आणि मार लागल्यासारखा दिसतो. हाड मोडल्याचा आवाज ध्वनिमुद्रणाच्या वेळी उसाचे कांडे मोडून काढावा. तेच कांडे पडद्यावरही आणता येते: ऊस भरलेल्या ट्रॉलीमागे पाठलाग करणारा नायक सवयीने एक ऊस ओढतो, सोलून खातो आणि उरलेल्या बुडख्याने मारामारी करतो. प्रत्यक्षात चालत्या ट्रॉलीजवळ कोणालाही जाऊ देऊ नये. उभ्या ट्रॉलीजवळ कॅमेरा हलवून आणि बाजूने दोघांनी पाचटाच्या पेंढ्या उलट्या दिशेला पळवून वेग भासवता येतो.

स्फोटाऐवजी हळदीचा पिवळा लोट उडवण्याची कल्पना सांगलीत कोणालाही सुचेल, तेव्हा एक इशारा देतो. हळद असो वा गव्हाचे पीठ, बारीक भुकटी हवेत दाट पसरली आणि ठिणगी मिळाली तर ती भडकते, त्यामुळे असे दृश्य उघड्यावरच करावे आणि जवळपास विडी, चूल, फटाका काही नसावे. चुना तर डोळ्यांना घातक, तो मुळीच वापरू नये.

संवादांत खलनायकाला छापील, पल्लेदार मराठी द्यावे आणि त्याच्या माणसांना इथली बोली. "आज या नगरीत रक्ताचे पाट वाहतील," या वाक्यावर मागून "आण्णा, पोरं जेवायला गेल्यात," एवढे उत्तर आले की दहा ओळींचे काम होते. पार्श्वसंगीताने अशा जागी गप्प राहावे. विनोदानंतर टिंगलीचा सूर वाजवणे ही वाईट खोड आहे.

रस्त्यावर नकली पिस्तूल काढण्याआधी पोलीस ठाण्यात लेखी कळवावे. दुसऱ्याचे गाणे किंवा दृश्य उचलू नये. प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये टीका व समीक्षेसाठी उचित वापराची सवलत आहे, पण विडंबनाचे नाव तिथे वेगळे घेतलेले नाही.

श्रेयनामावलीनंतर तिसऱ्या भागाची घोषणा टाकायची असेल तर ती घाटावरच्या चित्रणाच्या दिवशीच टिपून घ्यावी. भडंगवाला पाटी डोक्यावर घेऊन पुलाकडे चालू लागतो, आणि या वेळी मंदगती खरी असते, १०० चौकटींची. तो माणूस खरा विक्रेता असेल तर त्याच्या दिवसभराच्या धंद्याचे पैसे सकाळीच हातावर ठेवावेत.