अमेरिकेत प्रवेश नाकारला? आधी कलम वाचा, मग वेव्हरचं बघा

हातात व्हिसा असला तरी प्रवेश पक्का नसतो. शेवटचा निर्णय विमानतळावरच्या अधिकाऱ्याचा. अपात्र ठरूनही मिळणारी सूट म्हणजे वेव्हर. मात्र प्रत्येक नकारावर तो मिळत नाही, त्यामुळे एजंटला पैसे देण्याआधी नकाराच्या कागदावरचं अमेरिकी इमिग्रेशन कायद्याचं कलम बघा.

१. कलम २१४(बी) असेल, म्हणजे तुम्ही मायदेशी परताल हे अधिकाऱ्याला पटलं नसेल, तर वेव्हरचा प्रश्नच नाही. नोकरी, घर, कुटुंब यात काही ठोस बदल झाला की नवा अर्ज करायचा. २२१(जी) म्हणजे कागद अपुरे किंवा तपासणी बाकी. मागितलंय ते द्या आणि थांबा. वेव्हरचा विषय निघतो तो २१२(ए)मुळे, म्हणजे गुन्हा, खोटी माहिती, बेकायदा मुक्काम अशा कारणांनी अपात्र ठरवणाऱ्या कलमामुळे.

२. जास्त राहिलात का, ते मोजा. मुलाकडे गेलेले आईवडील इथेच फसतात. व्हिसावर दहा वर्षांची तारीख दिसते, पण मुक्कामाची मुदत आय-९४ या प्रवेशाच्या वेळी होणाऱ्या नोंदीत असते, बहुधा सहा महिने. "आलोच आहोत तर नातवाचं बारसं उरकूनच जाऊ" म्हणत ती ओलांडली, की एका दिवसानेही व्हिसा रद्द होतो. बेकायदा मुक्काम १८० दिवसांच्या वर पण वर्षाच्या आत असेल तर ३ वर्षांची बंदी, वर्ष किंवा जास्त असेल तर १० वर्षांची. ही बंदी अमेरिका सोडल्यावर लागू होते.

३. काही लपवू नका. डीएस-१६० या व्हिसाच्या अर्जात कधी अटक झाली होती का, असं विचारतात. निर्दोष सुटला असाल तरी उत्तर 'हो'च. किरकोळ प्रकरण कदाचित आडही आलं नसतं, पण महत्त्वाची बाब मुद्दाम दडवल्याचं सिद्ध झालं तर बंदी आयुष्यभराची.

४. विमानतळावर आतल्या खोलीत नेलं तर शांत राहा. दुभाषा हवा असेल तर मराठी मागा. मोडक्या इंग्रजीतलं "बेबी सिटिंग" पगारी कामासारखं ऐकू जातं. जबाबाच्या प्रत्येक पानावर आद्याक्षरं करण्याआधी ते पान वाचून किंवा वाचून दाखवायला लावून समजून घ्या. स्वतःहून प्रवेशाचा अर्ज मागे घेऊ द्याल का, हे विचारा. हा हक्क नाही, अधिकाऱ्याची मर्जी आहे. पण मान्य झालं तर व्हिसा बहुधा रद्द होऊन परत यावं लागतं, तरी तातडीच्या हकालपट्टीमुळे येणारी ५ वर्षांची बंदी टळते.

५. पर्यटक, विद्यार्थी वगैरेंसाठीचा वेव्हर कलम २१२(डी)(३)खाली मिळतो. भारतीय अर्जदाराला त्यासाठी वेगळा फॉर्म नसतो: व्हिसा मुलाखतीतच विनंती करायची. कॉन्सुलेटने शिफारस केली तर प्रकरण अमेरिकेच्या सीमाशुल्क आणि सीमा सुरक्षा विभागाच्या कार्यालयात जातं, आणि त्यात महिने जातात. तीन गोष्टी तोलल्या जातात: तुमच्यापासून समाजाला धोका किती, जुनं उल्लंघन किती गंभीर, आणि जाण्याचं कारण काय. कोर्टाच्या निकालाची प्रमाणित प्रत न्या. ती मराठीत असेल तर सोबत प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. "मुलीचं बाळंतपण, अमुक तारीख, डॉक्टरांचं पत्र" हे "फिरायला जायचंय"पेक्षा कितीतरी वजनदार ठरतं.

ग्रीन कार्डसाठी अर्ज करणाऱ्यांचा मार्ग वेगळा. तिथे वेव्हरसाठी आय-६०१ हा फॉर्म भरावा लागतो, आणि खोटेपणा किंवा बेकायदा मुक्कामाच्या प्रकरणात अमेरिकी नागरिक वा ग्रीन कार्डधारक जोडीदाराला किंवा आईवडिलांना टोकाचा त्रास होईल, हे दाखवावं लागतं. मुलांना होणारा त्रास थेट मोजत नाहीत. हकालपट्टी झालेली असेल, तर बंदीच्या काळात परत येण्यासाठी वेगळी परवानगीही लागते; तिचा फॉर्म आय-२१२.