इटलीत अख्खा पलाझ्झो भाड्याने घ्यायचा तर आधी वीजमीटर बघा, मग छतावरची चित्रं

तीन-चार कुटुंबं, चौदा-पंधरा माणसं, त्यात आजी-आजोबा आणि पाच-सहा पोरं. एवढा गोतावळा घेऊन इटलीला निघालात, तर हॉटेलच्या सात सुट्या खोल्यांपेक्षा दुरुस्त केलेला एक जुना पलाझ्झो बराच सोयीचा पडतो. आपलं स्वयंपाकघर, आपला दिवाणखाना, रात्री बाराला पत्त्यांचा डाव रंगला तरी हटकायला कुणी नाही. अडचण अशी की जाहिरातीत दिसतात ती छतावरची भित्तिचित्रं आणि संगमरवरी जिना. सहल बिघडवणाऱ्या गोष्टी, म्हणजे विजेचा मंजूर भार, न्हाणीघरं आणि पायऱ्या, फोटोत येत नाहीत. म्हणून निवडीचा क्रम उलटा ठेवा.

पलाझ्झो हे शहरातल्या बड्या घराण्याचं घर. मांडणी आपल्या चौसोपी वाड्यासारखी: रस्त्याला मोठा दरवाजा, आत चौक, चौकातून वर जाणारा जिना. तळमजल्यावर पूर्वी कोठारं आणि तबेले असत, आता दुकानं किंवा मालकाची गाडी. वरच्या मुख्य मजल्याला पियानो नोबिले म्हणतात. उंच छत, मोठे दिवाणखाने, चित्रं सगळी तिथेच. त्याच्याही वर, थेट कौलांखाली, नोकरांच्या बुटक्या खोल्या. बहुतेक मालक पियानो नोबिले आणि वरच्या काही खोल्या देतात. अख्खी इमारत क्वचित मिळते. बाकी मजल्यांवर मालकाचे नातेवाईक किंवा इतर बिऱ्हाडं असतात आणि चौक सामाईक असतो. म्हणून पहिल्याच ईमेलमध्ये प्लानिमेत्रिया, म्हणजे मापांसह मजल्याचा नकाशा मागा. तो द्यायला टाळाटाळ करणाऱ्याच्या नादी लागू नका.

छत पाच-सहा मीटर उंच असलं की ‘फक्त पहिला मजला’ चढणं म्हणजे आपल्या फ्लॅटचे दोन मजले चढणं. पायऱ्या किती, कठडा दोन्ही बाजूंना आहे का, लिफ्ट आहे का आणि ती कोणत्या मजल्यापर्यंत जाते, हे नेमकं विचारा. संरक्षित वास्तूंना इटलीचा २००४ चा सांस्कृतिक वारसा कायदा लागू असतो. खिडकी बदलायची किंवा बाहेरच्या भिंतीवर एसीचं युनिट लावायचं तरी सोप्रिन्तेन्देन्झा या वारसा खात्याची परवानगी घ्यावी लागते. त्यामुळे मालकाची तयारी असूनही लिफ्ट नाही आणि एसी दोनच खोल्यांत, असं सर्रास आढळतं. जाड दगडी भिंतींमुळे मधला मजला उन्हाळ्यात गार राहतो खरा, पण कौलांखालच्या खोल्या जुलै-ऑगस्टमध्ये तापतात. एसी कोणत्या खोलीत आहे ते नकाशावर खूण करून मागा. डासांच्या जाळ्यांबद्दलही विचारा. व्हेनिस आणि पो नदीच्या खोऱ्यात त्यांची गरज भासते.

‘पोस्ती लेत्तो १६’ असं लिहिलेलं असतं, म्हणजे सोळा जण निजू शकतात, एवढंच. त्यात दिवाणखान्यातले सोफा-कम-बेडही मोजलेले असतात. मात्रिमोनियाले म्हणजे साधारण १६० सेंटीमीटर रुंदीचा डबल बेड, सिंगोलो ८० ते ९० सेंटीमीटरचा, आणि ‘पियाझ्झा ए मेझ्झा’ १२० चा, जो दोन मोठ्या माणसांना पुरत नाही. खोलीवार यादी मागा. जुन्या घरांत एक खोली ओलांडून दुसरीत जावं लागतं, हाही घोळ असतो. नकाशात मधली खोली अशी दिसली तर ती खोली मुलांना द्या, जोडप्याला नको.

न्हाणीघरांचा आमचा ठोकताळा: चार माणसांमागे एक. पंधरा जणांना दोन असतील तर सकाळचे साडेअकरा घरातच वाजतात. इटलीत १९७५ च्या सरकारी आदेशाने घरातल्या किमान एका न्हाणीघरात बिदे, म्हणजे शौचानंतर पाण्याने धुवायचं बसकं भांडं, बंधनकारक केलं, त्यामुळे आपल्या लोकांची पाण्याची चिंता बरीच मिटते. गरम पाणी गॅसच्या बॉयलरवर आहे की विजेच्या गीझरवर, हे मात्र विचाराच. ८० लिटरच्या गीझरमध्ये तीन-चार आंघोळी होतात, आणि पुढचं पाणी तापायला दोन-तीन तास लागतात.

आता मीटर. इटलीत घरगुती वीजजोडणी साधारणपणे ३ किलोवॉटची असते. थोडी सवलत धरली तरी भार त्यापुढे गेला की मीटर बंद पडतं. इंडक्शनची एक शेगडी २ किलोवॉट, पाण्याची किटली २, इस्त्री २, हेअर ड्रायर दीड ते दोन, गीझर सव्वा ते दीड. यातल्या कुठल्याही तीन वस्तू एकदम लावल्या की अंधार! आणि मीटर बहुधा तळमजल्यावरच्या प्रवेशद्वारापाशी, कुलूपबंद कोनाड्यात असतं. पंधरा जणांच्या घराला किमान ६ किलोवॉट हवेत; तीन-चार एसी असतील तर १० च्या आसपास. “कोन्तात्तोरे (मीटर) किती किलोवॉटचा?” हा प्रश्न विचारायला लाजू नका. पहिल्याच दिवशी मीटर कुठे आहे आणि किल्ली कुणाकडे, हे दोन जणांना दाखवून ठेवा. व्होल्टेज आपल्याइतकंच, २३० आणि ५० हर्ट्झ. मोबाइल चार्जरची दोन बारीक गोल पिनांची प्लग बहुतेक सॉकेटमध्ये बसते; आपली जाड तीन पिनांची बसत नाही.

स्वयंपाकघरात शेगडी गॅसची की इंडक्शनची, यावर सामान ठरतं. अ‍ॅल्युमिनियमचा साधा कुकर इंडक्शनवर तापत नाही, इंडक्शन-बेसचा स्टीलचा न्या. धूर ओढणारं यंत्र हवा बाहेर फेकतं की गाळून आतच सोडतं, तेही विचारा. आत सोडणारं असेल तर लाल मिरचीच्या फोडणीचा ठसका चित्रं असलेल्या दिवाणखान्यापर्यंत जातो आणि अनामत रकमेवर येऊन बसतो. तळण टाळा, दार लावून घ्या. २०२३ च्या कायद्यानंतर अशा घरांत गॅसगळती आणि कार्बन मोनॉक्साइड ओळखणारे सेन्सर आणि दर मजल्याला किमान एक अग्निशामक नळकांडं असणं सक्तीचं आहे.

कुठे घ्यायचं? मोठ्या गटाला रोम-फ्लॉरेन्सच्या मध्यवस्तीपेक्षा दुसऱ्या फळीतली शहरं बरी पडतात. दक्षिणेकडच्या पुलियातलं लेच्चे मऊ पिवळसर दगडातल्या, नक्षीदार बरोक शैलीच्या इमारतींचं शहर आहे. डाळी-भाज्यांचं जेवण भरपूर, म्हणून शाकाहारी गटाला सोयीचं. सिसिलीत वाल दि नोतोची गावं १६९३ च्या भूकंपानंतर नव्याने उभी राहिली. जेनोव्हाचे रोल्ली पलाझ्झी, म्हणजे पूर्वी सरकारी पाहुणे उतरवायला यादीत घातलेले वाडे, २००६ पासून जागतिक वारसा आहेत. गावाबाहेर चालत असेल तर विचेन्झा जिल्ह्यात सोळाव्या शतकातल्या वास्तुकार आन्द्रेआ पाल्लादिओने बांधलेला व्हिला साराचेनो पहा. लँडमार्क ट्रस्ट या ब्रिटिश संस्थेने तो दुरुस्त केला असून १६ जणांच्या गटाला तो भाड्याने मिळतो. कडक शाकाहारींसाठी एक टीप: पार्मिजानो रेज्जानो चीजमध्ये वासराच्या पोटातलं, दूध साकळवणारं रेनेट असतं.

काळ मे महिन्याचा सर्वांत चांगला. आपल्याकडे शाळांना सुट्टी, तिकडे उन्हाळी गर्दी अजून सुरू व्हायची असते. जुलै-ऑगस्टमध्ये शनिवार ते शनिवार असाच आठवडा देतात, आणि १५ ऑगस्टच्या फेर्रागोस्तो या सणाच्या सुट्टीच्या आसपास भाव चढलेला असतो. दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर हीटिंग तपासा. फ्लॉरेन्स-रोमच्या पट्ट्यात ती साधारण १ नोव्हेंबरपासून, मिलान-व्हेनिसकडे १५ ऑक्टोबरपासून सुरू होते. दगडी घर गरम व्हायला दोन दिवस घेतं आणि खर्च बहुधा मीटरप्रमाणे वेगळा लागतो.

मेच्या सहलीसाठी घर डिसेंबरपर्यंत पक्कं करा. पैसे पाठवण्याआधी सीआयएन क्रमांक मागा. पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या प्रत्येक घराला हा राष्ट्रीय क्रमांक लागतो. तो जाहिरातीत आणि इमारतीच्या दाराशी दिसला पाहिजे. सुरुवात ‘आयटी’ या दोन अक्षरांनी होते आणि पुढचे सहा अंक त्या गावाचे असतात. उदाहरणार्थ, रोमचे ०५८०९१. जाहिरातीतलं गाव वेगळं आणि अंक दुसऱ्याच गावाचे निघाले तर व्यवहार थांबवा. बँक खात्याचा आयबॅन क्रमांकही ‘आयटी’ने सुरू होणारा, २७ अक्षर-अंकांचा हवा, आणि खातेदाराचं नाव करारातल्या नावाशी जुळलं पाहिजे.

करारात आगाऊ रकमेला काय म्हटलंय ते नीट वाचा, फरक मोठा आहे. ‘काप्पार्रा कोन्फिर्मातोरिया’, म्हणजे बयाणा, असेल तर तुम्ही माघार घेतल्यास ती रक्कम गेली. पण मालकाने शब्द फिरवला तर दुप्पट परत मागता येते. हा तिथल्या दिवाणी संहितेच्या १३८५ व्या कलमातला नियम. ‘आक्कोन्तो’ म्हणजे नुसता आगाऊ हप्ता. ‘काउत्सिओने’ ही मोडतोडीची अनामत, वेगळी. आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचं कलम करारात आयतं नसतं, ते घालून घ्यावं लागतं: व्हिसा नाकारला गेल्यास, दूतावासाचं पत्र दाखवल्यावर किती रक्कम परत मिळणार. गटातल्या दोघांचाच नाकारला गेला तर? तेही लिहून घ्या. भाडं माणशी नसून घराचं असतं, त्यामुळे उरलेल्यांवर बोजा येतो. भिशीसारखी एक वही ठेवा आणि मागे हटणाऱ्याने आपला वाटा द्यायचा की नाही, हे आपसातही आधीच ठरवा.

भाड्याव्यतिरिक्त शेवटची सफाई, चादरी-टॉवेल, हीटिंग आणि पर्यटक कर धरा. हा कर गाव ठरवतं, माणशी-रात्री असतो, लहान मुलांना बहुतेक ठिकाणी माफ असतो. समजा ३ युरो असेल, तर १४ जणांचे सात रात्रींचे २९४ युरो झाले. बऱ्याचदा ते पोहोचल्यावर रोख मागतात. पैसे बँकेतून ए-२ हा परदेशी रक्कम पाठवायचा फॉर्म भरून पाठवा आणि बँकेचे शुल्क ‘अवर’ या पर्यायाने आपल्याकडेच घ्या, नाहीतर मालकाला वीस-तीस युरो कमी पोहोचतात आणि पत्रापत्री सुरू होते. एकाच माणसाने सगळ्यांचे पैसे पाठवले तर सगळी रक्कम त्याच्या पॅनवर चढते. एप्रिल २०२५ पासून वर्षाला १० लाख रुपयांपुढे टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल होणारा कर, कापला जातो. तोच व्यवहार टूर कंपनीकडून पॅकेज म्हणून घेतला तर टीसीएस पहिल्या रुपयापासून लागतो. म्हणून रक्कम दोन-तीन कुटुंबांत वाटून पाठवणं शहाणपणाचं.

इटलीसाठी शेंगेन, म्हणजे बऱ्याच युरोपीय देशांना एकच चालणारा व्हिसा लागतो; त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून, उशिरात उशिरा १५ दिवस आधी करता येतो. निर्णयाला साधारण १५ दिवस, पण ४५ पर्यंत लांबू शकतात. मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वयाच्या मुलांना ४५, त्याखालच्यांना फी नाही. ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा. नांदेडकरांना हैदराबाद जवळ असलं तरी पत्ता महाराष्ट्राचा, म्हणजे अर्ज मुंबईच्या वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत. बोटांचे ठसे १२ वर्षांखालच्यांना नाहीत, बाकी बहुतेकांना हजर राहावं लागतं. मुंबईला जायला देवगिरी एक्सप्रेसचं रिझर्वेशन अपॉइंटमेंट हातात पडली की लगेच करा. घराच्या करारावर प्रत्येकाचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक हवा. फक्त गटप्रमुखाचं नाव असलं की बाकीच्यांच्या राहण्याचा पुरावाच उरत नाही.

सामानात ज्वारीचं पीठ, येसर, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, लोणचं चालतं. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत, म्हणजे तूप, खवा आणि कुंथलगिरीचे पेढे घरीच. केसर आंबा आणि कढीपत्ताही नाही.

पोहोचल्यावर मालक सगळ्यांचे पासपोर्ट मागेल. पाहुण्यांची माहिती २४ तासांत पोलिसांच्या पोर्टलवर भरणं त्याला बंधनकारक आहे, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. गाडी घेणार असाल तर चालकासह नऊ आसनी व्हॅन साध्या कारच्या परवान्यावर चालते, पण आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना न्यावा लागतो. जुन्या शहरात झेड-टी-एल म्हणजे मर्यादित वाहतुकीचा भाग असतो आणि पलाझ्झो नेमका त्यातच असतो. कॅमेरा प्रत्येक प्रवेशाचा वेगळा दंड लावतो, तो महिन्यांनी घरी येतो. गाडीचा नंबर मालकाला आधी कळवून नोंद करून घ्या, किंवा गाडी बाहेर लावून सामान टॅक्सीने न्या.

आत शिरल्या-शिरल्या वीज-गॅसच्या मीटरचं रीडिंग, भिंतींवरचे ओरखडे आणि फुटलेल्या कपबश्या यांचे फोटो काढून त्याच दिवशी मालकाला पाठवा. कचरा ओला, कागद, प्लास्टिक, काच आणि उरलेला असा वेगळा लागतो, आणि प्रत्येकाचा उचलायचा दिवस वेगळा असतो. शेवटच्या सकाळी बहुधा दहाला घर सोडायचं असतं. आदल्या संध्याकाळीच मालकाला बोलावून घर दाखवा, रीडिंगचा हिशेब करा आणि अनामत रोख दिली असेल तर तिथेच परत घ्या. कार्डवर असेल तर किती दिवसांत सुटणार, ते लिहून घ्या.