आधी रबर, मग कार्बोरेटर : जुन्या आरएक्स १०० वर काम शिकणाऱ्यांसाठी

जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांचं काम शिकायला येणारी मुलं आल्या आल्या कार्बोरेटरचा स्क्रू फिरवायला घेतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी रबर बघा. यामाहाची आरएक्स १०० ही मोटरसायकल आली १९८५ ला आणि बंद झाली १९९६ ला. म्हणजे त्यातली नवीतली नवी गाडीसुद्धा आता वयस्कर आहे. एवढ्या वर्षांत उष्णतेनं आणि हवेतल्या ओझोननं रबर कडक होतं, त्याला मऊ ठेवणारी द्रव्यंही हळूहळू निघून जातात.

पहिलं तपासायचं ते कार्बोरेटर आणि सिलिंडरच्या मधलं मॅनिफोल्ड, म्हणजे रबरी जोडनळी. गाडीवर असताना ते काळंभोर, धडधाकट दिसतं. खोलून उजेडात धरा आणि अंगठ्यानं दाबून वाकवा. वाकलेल्या जागी केसासारख्या बारीक भेगा उघडतात. नखही रुतत नसेल तर ते गेलं म्हणून समजा. त्या भेगांतून इंजिन फुकटची हवा ओढतं, रेस सोडली तरी आवाज खाली यायला वेळ लागतो, आयडलिंग एका जागी राहत नाही. कार्बोरेटरमधलं जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र, बदलून हे कधीच सुटत नाही. या फुकटच्या हवेनं मिश्रण लीन होऊन, म्हणजे पेट्रोल कमी नि हवा जास्त होऊन, पिस्टन तापतो आणि भर वेगात जाम होतो. मागचं चाक अचानक अडकलं तर माणूस पडतो, म्हणून यात चालढकल नको.

क्रँकची, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याची, ऑइल सीलं (रबरी कड्या) डोळ्यांना दिसत नाहीत, पण खोड्या त्यांच्याच जास्त. मॅग्नेटोकडचं (वीज तयार करणाऱ्या भागाकडचं) सील कडक झालं की तिथूनही हवा शिरते. क्लचकडचं गेलं की गिअर ऑइल क्रँककेसमध्ये ओढलं जातं, सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराचा लोट निघतो आणि ऑइलची पातळी उतरत जाते. इंजिन खोललंच असेल तर जुनी सीलं परत बसवू नका, ती चांगली वाटली तरी.

विंटरग्रीन तेलात (एका वनस्पतीच्या सुगंधी तेलात) भिजवून रबर मऊ करायचा उपाय तुम्हाला कोणीतरी सांगेलच. तो खरा आहे, पण एअर फिल्टरकडच्या बुटासारख्या (रबरी जोडनळीसारख्या), सहज न मिळणाऱ्या भागापुरता आणि तोही भेग नसेल तर. मऊपणा कायम टिकत नाही, पडलेली भेग तर कधीच सांधत नाही. सील, पेट्रोलचा पाईप, ब्रेकचं रबर यांच्यावर हे प्रयोग नकोतच. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, तेव्हा पाईप इथेनॉल चालेल असाच घ्या.

खरेदीला पुण्यात नाना पेठेत गेलात तर ‘ओरिजिनल जुना स्टॉक’ म्हणून बंद पाकीट दाखवतील. धातूचा पार्ट असेल तर आनंदानं घ्या. रबर मात्र पाकिटातही म्हातारं होतं. चांगल्या बनावटीचं ताजं सील मला त्यापेक्षा केव्हाही परवडतं.

बसवताना स्क्रू-ड्रायव्हरनं रेटू नका, सीलची कड एकदा चिरली की नवं सीलही वाया. कडेला थोडं ग्रीस लावा आणि बरोबर मापाचा सॉकेट ठेवून हलक्या हातानं सरळ आत ठोका. बूट बसत नसेल तर गरम पाण्यात बुडवून ठेवा, मऊ होऊन जागेवर सरकतो. एवढं सगळं झालं की मग कार्बोरेटरच्या स्क्रूला हात लावा.