घरगुती उपाय करताना या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या काकूंचा चार वर्षांचा नातू जुलाबांनी मलूल होऊन पडला होता. काकू दर तासाला त्याला साखर-मिठाचं पाणी पाजत होत्या, तरी जुलाब थांबेनात. मी पेल्यातलं थोडं चाखून पाहिलं, तर चक्क पाक. ‘‘अगं, पोराच्या अंगात ताकद यायला हवी ना, म्हणून साखर जरा सढळ हातानं घातली,’’ काकू म्हणाल्या.

चूक तिथेच होती. साखर जास्त झाली की ती आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब आणखी वाढतात. बेताची साखर मात्र उलट काम करते. आतड्यात ती मिठाला सोबत घेऊन शोषली जाते आणि त्यांच्या मागोमाग पाणी शरीरात जातं. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी पाजून असंख्य माणसं वाचवली. म्हणून जलसंजीवनीला मी कधीच किरकोळ उपाय म्हणत नाही. ते औषध आहे, आणि औषधाला माप असतं.

माप असं: उकळून गार केलेलं एक लिटर पाणी, चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. शीग लावायची नाही. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ते पाणी ओतून द्या आणि पुन्हा करा, कारण जास्त मीठ लहान मुलाला धोक्याचं असतं. केलेलं पाणी २४ तासांनंतर वापरू नका. दुकानातलं पाकीट आणलंत तर ते किती पाण्यासाठी आहे हे आधी वाचा. लिटरभराचं पाकीट पेलाभर पाण्यात कालवणारे मी कितीतरी पाहिलेत. खोक्यातली फळांच्या चवीची गोड पेयं जलसंजीवनीच्या जागी चालत नाहीत. मूल ओकत असेल तर दहा मिनिटं थांबा आणि मग चमच्या-चमच्याने पाजा. खाणं बंद करू नका. मऊ भात, ताक चालतं, आणि अंगावरच्या बाळाचं दूध तर अजिबात तोडू नका. मुलांना जुलाबात झिंकही देतात, त्याचा डोस डॉक्टरांकडून घ्या. मूल सुस्त पडलं, लघवी होईना, डोळे खोल गेले किंवा शौचात रक्त दिसलं, तर घरात थांबायचं नाही.

पाण्याबद्दल पुणेकरांना वेगळं सांगायची गरज पडू नये. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव या भागात गुइलेन बॅरे सिंड्रोमचे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटून हातपाय लुळे पडू शकतात अशा आजाराचे, रुग्ण एकदम वाढले. काहींच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला होता, आणि हा जिवाणू दूषित पाण्यातून, अर्धवट शिजलेल्या मांसातून पोटात जातो. टँकरचं आणि विहिरीचं पाणी स्वच्छ दिसतं म्हणून गाळून प्यायलं तर जंतू मरत नाहीत. चांगली खळखळून उकळी आली पाहिजे. पोट बिघडून बरं झाल्यावर एक-दोन आठवड्यांनी पायांना मुंग्या येऊ लागल्या, जिना चढताना पाय लटपटू लागले, तर तेल चोळत बसू नका. थेट रुग्णालयात जा.

दुसरी चूक सकाळच्या रसाची. टेकडीवरून उतरलं की पायथ्याशी, बागांच्या दाराशी दुधी, कारलं, आवळा असे रस मिळतात. दुधीचा रस चांगला दुधी असेल तर ठीक. पण एखादा दुधी कडू निघतो, आणि तो कडवटपणा कुकुरबिटासिन नावाच्या विषारी द्रव्याचा असतो. ते शिजवूनही जात नाही आणि त्यावर उतारा नाही. अशा रसाने उलट्या, जुलाब, रक्ताच्या उलट्या होतात. माणसं दगावलीही आहेत. म्हणून रस काढण्याआधी दुधीची फोड चाखा आणि कडू लागली तर सगळा दुधी फेकून द्या. दुधीत कारल्याचा रस मिसळून घेऊ नका. मिसळला की कडू कुठलं आणि किती हे जिभेला कळतच नाही. ‘कडू तेच गुणकारी’ असं म्हणत घोट रेटणाऱ्यांची मला फार काळजी वाटते.

काढ्याचं माझ्या घरातलंच सांगते. आई खोकल्यासाठी ज्येष्ठमधाचा काढा घ्यायची. खोकला थांबला तरी ‘घशाला बरं वाटतं’ म्हणून दिवसातून दोनदा, दीड महिना चालू ठेवला. रक्तदाबाची गोळी रोज घेऊनही दाब चढू लागला, पावलं सुजली. डॉक्टरांनी गोळी वाढवायच्या आधी ‘आणखी काय घेता?’ असं विचारलं, आणि काढ्याचा विषय तेव्हा निघाला. आईच्या लेखी ते औषध नव्हतंच, म्हणून तिने सांगितलं नव्हतं. ज्येष्ठमधामुळे शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम घटतं. काढा थांबवल्यावर काही आठवड्यांत दाब ताळ्यावर आला. रक्तदाबाचा, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी ज्येष्ठमध घेण्याआधी विचारावं. रविवार पेठेतून आणलेल्या काष्ठौषधींच्या पुड्यांवर नावं घालून ठेवा आणि डॉक्टरांकडे जाताना त्या पिशवीत टाका.

काही गोष्टी थोडक्यात. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, बोटालाही लावून नको. त्यातून बॉट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूच्या विषाने स्नायू लुळे पडण्याचा धोका असतो. वाफेच्या पातेल्यात कापूर टाकू नका आणि लहान मुलांना उकळत्या पातेल्यावर वाकवू नका. भाजल्यावर हळद, टूथपेस्ट, बर्फ काही लावायचं नाही, वीस मिनिटं नळाचं साधं गार पाणी सोडायचं. इसबगोल घेतलंत तर वर पेलाभर पाणी प्या, नाहीतर ते घशात किंवा आतड्यात फुगून अडकतं.

तापाची चूक मात्र सगळ्यात महागात पडते. जुलै ते नोव्हेंबर पुण्यात डेंग्यूचे दिवस. अंगदुखीवर घरातली आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन देऊ नका, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. पॅरासिटामॉल द्यायची, तीही मापात. पपईच्या पानांचा रस पाजून तपासणी लांबवू नका. आणि ताप उतरला की सगळे हुश्श करतात, नेमका तोच काळ जपायचा असतो. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी ताप उतरत असताना पोटात जोरात दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हातपाय गार पडणं, अतिशय सुस्ती यांपैकी एक जरी दिसलं, तरी रात्रीचे दोन वाजले असोत, रिक्षा बोलवा आणि निघा.